दाणा बाजार ते पाच कंदील

आमच्या घरी गाडी नाही. चारचाकी नाहीच, दुचाकीही नाही. जळगावात मेहरूणकडे राहायचे आणि महिन्याचा किराणा भरायचा, तर पाय, रिक्षा आणि एसटी एवढीच साधने. नवा संसार मांडला तेव्हा सगळ्यांनी सांगितले, "दाणा बाजारात जा, स्वस्त मिळतं." ते खरेच होते. पण स्वस्ताईचा हिशेब दुकानात नव्हे, घराच्या उंबऱ्यावर करायचा असतो, हे आम्ही फजिती झाल्यावर शिकलो.

गहू किलोमागे तीन रुपयांनी कमी मिळाला म्हणून आम्ही वीस किलो घेतला. साठ रुपये वाचले म्हणून खूश! शेअर रिक्षावाले पोते पाहूनच पुढे निघून जात. शेवटी स्पेशल रिक्षा केली, तिचे ऐंशी रुपये झाले. उतरताना पोते उसवले, निम्मा रस्ता दाणे वेचत बसलो. साठ वाचवायला ऐंशी घालवले!

तेव्हापासून घरात एकच नियम आहे: जड वस्तू जवळून, हलकी वस्तू लांबून.

जड म्हणजे गहू, तांदूळ, तेल, साखर. रेशन दुकान पायी जाण्याजोगे असते. प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. ज्यांचा हक्क आहे त्यांनी ते आणायला लाजू नये. तेल-साखर मोहल्ल्यातल्या दुकानातून घ्यावी. दोन रुपये जास्त गेले तरी रिक्षाचे वाचतात. हलके म्हणजे जिरे, खसखस, चहा, खजूर, शेवया. त्यासाठी दाणा बाजार गाठावा. डाळ मधली. जळगाव डाळ मिलचे गाव, त्यामुळे तूरडाळ इथे पारखून घेता येते. दोन हातांत दोन पिशव्या, अडीच-अडीच किलो. त्यापुढे मोह आवरावा.

भाजीला आम्ही असरनंतर निघतो. दिवस उतरला की विक्रेत्याला टोपली रिकामी करून घरी जायचे असते, तेव्हा भावही उतरतो. हिवाळ्यात भरताची हिरवी, मोठी वांगी येतात. ती मात्र सकाळीच घ्यावीत. भरीत आणि कळण्याची भाकरी असली की त्या दिवशी गोश्ताची आठवण होत नाही, आणि खर्चही आटोक्यात राहतो.

धुळ्याला आमच्या आपा राहतात. १९०६ पर्यंत जळगाव आणि धुळे एकाच खान्देश जिल्ह्यात होते. आमच्यासाठी अजूनही ते एकच आहे. एरंडोल, पारोळा करत बस धुळ्याला पोहोचते. आग्रा रोडवरून पाच कंदीलला गेलो की गर्दी, हातगाड्या, फळांचे ढीग. वर्षाची लाल मिरची आम्ही तिथून आणतो. मिरचीचे मोठे मार्केट असलेले नंदुरबार धुळ्याला जवळ पडते, आणि वाळलेली मिरची हलकी असते. पूर्वी येण्याजाण्याचे भाडेच बचत खाऊन टाकायचे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून हा हिशेब बदलला. तरीही नुसत्या मिरचीसाठी जाणे परवडत नाही. आपांची भेट ठरली की पिशवी सोबत घ्यायची. नातेही जपले जाते आणि मसालाही येतो.

बाजारात माल हाताने पाहावा. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे आपण (सल्ल.) त्याला विचारले. आम्हीही राशीत हात घालतो, आणि कोणी भला विक्रेता रागावत नाही.

पण हे सगळे ज्याचे पाय चालतात त्याच्यासाठी. आमच्या शेजारी एक खाला एकट्या राहतात. रेशनकार्डात नाव नाही, गुडघे दुखतात. त्या कोपऱ्यावरून पावशेर-पावशेर आणत. एकदा आम्ही सोबत हिशेब मांडला, तर महिन्याच्या पिठाला आमच्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे जात होते. ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्यालाच सर्वांत महाग पडत होते; कारण त्याला ओझे उचलता येत नाही.

आता मार्च-एप्रिलमध्ये गल्लीतली चार घरे मिळून वर्षाचा गहू आणि दादर आणतो. एक छोटा हत्ती ठरवतो, भाडे चौघांत वाटतो. खालांचे पोते त्यातच येते. त्यांच्याकडून धान्याचे पैसे घेतो, भाड्याचे नाही. त्या बदल्यात खाला चारही घरांचा गहू एरंडेल चोळून, लिंबाचा पाला घालून भरून देतात. मागच्या वर्षी कोणाच्याच गव्हाला कीड लागली नाही, अल्हम्दुलिल्लाह.