मांजरेची वकिली

नांदेडच्या हजूर साहिबहून गोदावरीच्या घाटाकडे उतरताना मला एक निकाल हटकून आठवतो. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी याच भूमीत ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं; 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने गुरू ग्रंथसाहिबाला कायद्याच्या लेखी व्यक्ती मानलं. देवळातल्या मूर्तीला हा मान इंग्रजी अमदानीपासून आहे. तिच्या नावे सातबारा निघतो, ती दावा लावते. गोदामाईच्या ओट्या आपण भरतो. पण तिला वकीलपत्र देता येत नाही.

प्रयत्न झाला होता. मार्च 2017 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं. राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेलं: उद्या पूर आला तर नुकसानभरपाई कुणी द्यायची? जुलैत स्थगिती आली. त्याच मार्चमध्ये न्यूझीलंडने वांगानुई नदीला हाच दर्जा कायद्याने दिला आणि तिच्या वतीने बोलायला दोघं नेमायचं ठरवलं, एक सरकारचा, एक माओरींचा. खरी मेख तिथेच आहे: नदीच्या वतीने बोलणार कोण?

आमच्या मांजरा नदीला विचारा. 2016 मध्ये तिच्यावरचं धनेगावचं धरण कोरडं पडलं, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती 144 कलम लागलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्याआधी वर्षानुवर्षं याच खोऱ्यात ऊस वाढत होता. तेव्हा मांजरेला पालक असता आणि तो साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या गाडीतून फिरणारा असता, तर काय फरक पडला असता?

दोन एकरवाल्या ऊसकऱ्याला आरोपी करणं मात्र सोपं आणि अन्यायाचं. तुरीचा हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने खरेदी होईलच याची खात्री नाही. उसाला निदान कारखाना आहे. नदीचा हक्क त्याच्या पोटावर पाय देऊन उभा राहणार असेल, तर गाव त्या हक्काच्या विरोधात जाईल, आणि ते चूक म्हणता येणार नाही.

नुसता हक्क मिळूनही भागत नाही. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क मानला. पुढच्याच वर्षी नांदेडच्या मुखेड तालुक्यात पुराचं पाणी घरांत शिरलं. दुष्काळ असो की पूर, पहिला घाव बसतो तो विहीर नसलेल्यावर, नाल्याकाठच्या घरावर.

म्हणून मांजरा व्यक्ती व्हावी, पण तिच्या पालकांत डोक्यावर हंडा वाहणारी बाई आणि कोरडवाहू शेतकरी हवेतच. त्यांनी पहिली मागणी करावी ती हिशेबाची: कोण किती पाणी उपसतो, ते गावोगावच्या फलकावर लिहा. आणि दुसरी, उसाइतकाच भरवशाचा भाव तुरीला द्या. या दोन मागण्या मान्य झाल्या नाहीत, तर नदीला मिळालेला दर्जा कागदावरच राहील.