पंक्चरवाल्याच्या नातीचा पंप

सायकलचा छोटा, सोबत नेण्याजोगा पंप घ्यायला गेलात की खोक्यावर सर्वांत ठळक अक्षरांत एक आकडा दिसतो. १०० पीएसआय, १२० पीएसआय, क्वचित १६० सुद्धा. म्हणजे हा पंप एवढ्या दाबापर्यंत हवा भरू शकतो. आकडा मोठा तो पंप दमदार, असा सगळ्यांचा समज असतो आणि दुकानदारही तो मोडत नाही. पण डोंगरात सायकल चालवणाऱ्याला या आकड्याचा जवळजवळ काहीच उपयोग नाही. माउंटन बाइकच्या रुंद टायरमध्ये आम्ही २५ पीएसआय भरतो, आत ट्यूब असेल आणि वाट फार खडकाळ असेल तर ३०. त्याहून जास्त हवा झाली की चाक दगडावरून उडते, मुरमावर घसरते. शंभराची गरज बारीक टायरच्या रेसिंग सायकलला असते.

यंदा पावसाळा सरल्यावर आमच्या घरात या पंपावरून बराच खल झाला. माझी मुलगी अकरावीत आहे. गेली दोन वर्षे रविवारी फजरची नमाज झाली की ती माझ्याबरोबर सायकल काढते. कधी हर्सूल तलावावरून जटवाड्याकडे, कधी लेण्यांच्या डोंगरामागच्या पायवाटांनी, आणि अंगात जोर असेल त्या दिवशी दौलताबाद, कागजीपुरा करत खुलताबादपर्यंत. आता तिला माझ्याशिवाय, दोन मैत्रिणींबरोबर जायचे होते. तिची अम्मी नाही म्हणाली नाही. तिने एकच अट घातली. वाटेत चाक बसले तर ते हिला स्वतःला उभे करता आले पाहिजे, कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवायची पाळी यायला नको. अट वाजवी होती, आणि तिचे उत्तर माझ्याकडे नव्हते, दुकानातल्या पंपांत शोधायचे होते.

आमच्याकडच्या डोंगरात पंक्चर होणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. पाऊस थांबला की माळावरचे सराटे वाळून कडक होतात. कसेही पडले तरी त्यांचा एक काटा वर असतोच. बाभूळ आणि वेडी बाभूळ आहेतच, बोरीही आहेत. गुराख्यांनी तोडलेली फांदी पायवाटेवर पडलेली असते, ती पालापाचोळ्यात दिसत नाही. डांबरी रस्त्यावर दर दोन-चार किलोमीटरवर एखादा टायरवाला भेटतो. लेण्यांच्या मागे कोण भेटणार?

तर मुद्दा दाबाचा नाही, हवेच्या मापाचा आहे. हिशोब साधा आहे. साडेसत्तावीस इंची चाकाच्या सव्वादोन इंच रुंद टायरमध्ये साधारण पाच लिटर जागा असते. तिथे २५ पीएसआय दाब आणायचा तर बाहेरची साडेआठ लिटर हवा आत कोंबावी लागते. हाताच्या तळव्यात मावणारा पंप एका दट्ट्याला ३० मिलिलिटर हवा ढकलत असेल तर २८० च्या वर दट्टे लागतात. जाड नळकांड्याचा पंप ६० मिलिलिटर ढकलत असेल तर १४०. दोन्ही पंप २५ पीएसआयला पोचतात, दोन्हींच्या खोक्यांवर शंभराचा आकडा असू शकतो, पण एकाला दुप्पट मेहनत.

आता कुणी म्हणेल, जाड नळकांडे ढकलायला जास्त जोर लागतो. लागतोच. २० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याला २५ पीएसआयवर साडेपाच किलो वजनाइतका जोर लागतो, २८ मिलिमीटरच्या दट्ट्याला जवळजवळ अकरा किलो. अकरा किलो म्हणजे अंगाचा भार टाकला तर काहीच नाही. पण रेसिंग सायकलच्या शंभर पीएसआयला हाच जाड दट्ट्या चाळीस किलोंच्या वर मागेल, म्हणून त्यांचे पंप बारीक असतात. त्यांचे त्यांना बरोबर आहे. काही कंपन्या खोक्यावर ‘एचव्ही’ आणि ‘एचपी’ अशी अक्षरे छापतात. पहिले म्हणजे जास्त हवा, दुसरे म्हणजे जास्त दाब. डोंगरासाठी ‘एचव्ही’ घ्यायचा. ही दोन अक्षरे नेहमी बारीक छापलेली असतात.

हा हिशोब कागदावर करायच्या आधी मी तो खांद्याने केला होता. २०२५ चा रमजान मार्चमध्ये होता. असरनंतर आम्ही तिघे मित्र थोडे फिरून इफ्तारला घरी येऊ म्हणून निघालो. लेण्यांच्या पलीकडे एकाच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. ट्यूब बदलली. पंप त्याचाच, वीतभर लांबीचा, खिशात मावणारा, दिसायला फार देखणा. मार्चची दुपार, तोंडाला कोरड, आणि तिघे आळीपाळीने दट्टे मारतोय. शंभरीनंतर नळकांडे एवढे तापले की रुमाल गुंडाळावा लागला. हवा दाबली की तापते हे शाळेत शिकलो होतो, तिथे हाताला कळले. अडीचशेनंतर मोजणे सोडले. मगरिबची अजान आम्ही टेकडी उतरताना ऐकली आणि खिशातल्या खजुरांवर रोजा सोडला. तिघे होतो म्हणून निभावले. अम्मीने अट घातली तेव्हा मला आधी ते दट्टे आठवले.

आमच्या घरात या विषयाचा खरा जाणकार मी नाही, माझे अब्बा आहेत. शहागंजात त्यांचे सायकलचे दुकान होते. आठ आणे तासाने सायकली भाड्याने देत आणि पंक्चर काढत. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, एक घमेले पाणी, एक उभा पंप आणि भिंतीला टेकवलेल्या दहा-बारा काळ्या सायकली. भाड्याच्या सायकली गेल्या, दुकान गेले, पंप मात्र अजून आमच्या जिन्याखाली आहे. समाजमाध्यमांवर ‘पंक्चरवाला’ हा शब्द कुणासाठी आणि कोणत्या सुरात वापरतात ते तुम्हाला सांगायला नको. एकदा मुलीने तसली एक टिप्पणी दादांना वाचून दाखवली, रागाने. त्यांनी चष्मा पुसत विचारले, “निकालना आता क्या उनकू?” त्यांना खरोखरच माहिती हवी होती.

मग एका रविवारी गच्चीवर परीक्षा झाली. एक पंप मित्राचा तोच खिशातला, दुसरा ओळखीच्या सायकलस्वाराकडून मागून आणलेला, फूटभर लांब, जाड नळकांड्याचा, बाहेर काढायच्या रबरी नळीचा, खाली पाय ठेवायला दुमडणारी पट्टी आणि वर आडवी मूठ असलेला. म्हणजे दुकानातल्या उभ्या पंपाचे लहान भावंड. टोपीकच्या ‘मॉर्फ’ पंपांची रचना अशीच असते. अब्बांनी आधी दोन्ही पंपांच्या तोंडावर अंगठा दाबून दट्ट्या लोटला. हवा कुठून निसटत नसेल तर दट्ट्या परत वर उसळतो. त्यांच्या काळी दट्ट्याला चामड्याचा वायसर असे. तो सुकला की तेलात भिजवून मऊ करायचा. आता रबरी रिंग असते आणि तिला यंत्राचे तेल लावले तर ती फुगून खराब होण्याची भीती. सिलिकॉन ग्रीसचा ठिपका पुरतो. हे मी सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली, पण चामडेच बरे असे त्यांचे मत कायम आहे.

पोरीने चाकातली सगळी हवा सोडली आणि भरायला बसली. खिशातल्या पंपाने २९६ दट्टे, मध्ये चार वेळा थांबून. जाड पंप जमिनीवर टेकवून, पट्टीवर पाय ठेवून, १५३. थांबली नाही. दाब आम्ही वेगळ्या मीटरने पाहिला. छोट्या पंपांवर जे मीटर बसवलेले असते त्यावर शून्यापासून शंभरापर्यंतची फूटपट्टी बोटभर जागेत असते, त्यात २२ आणि २८ चा फरक दिसत नाही. त्यापेक्षा घरी एकदा चाक पूर्ण रिकामे करून दट्टे मोजून ठेवावेत. डोंगरात तोच आकडा मीटरचे काम करतो.

अब्बांचे लक्ष मात्र आकड्यांकडे नव्हते, ते वॉलकडे पाहत होते. खिशातला पंप थेट वॉलवर चढतो. प्रत्येक दट्ट्याला हात हलतो, त्याबरोबर वॉल हलतो, आणि त्याच्या बुडाशी ट्यूब फाटते. “इधर फटी तो पॅच नहीं बैठता,” एवढेच ते म्हणाले. नळी असली की हाताचा हिसका वॉलपर्यंत पोचत नाही. नळीसाठी शंभर-दीडशे ग्रॅम वजन जास्त झाले तरी मला ते मान्य आहे. वजनाच्या ग्रॅमग्रॅमची चर्चा करणारे आमच्यात पुष्कळ आहेत. ते घरून दोन बाटल्या पाणी कमी करून निघत नाहीत.

नळी वॉलवर कशी बसते तेही बघावे. आट्यांवर फिरवून बसणारी नळी पक्की असते, पण बारीक प्रेस्टा वॉलवरून ती काढताना कधी कधी वॉलचा गाभाच तिच्याबरोबर फिरून बाहेर येतो आणि सगळी मेहनत एका फुस्समध्ये जाते. गाभा आधीच घट्ट करून ठेवला तर हे टळते. खटका दाबून बसणारे तोंड सोपे, फक्त आतली रबर झिजली की बदलावी लागते. आपल्याकडे तीन जातींचे वॉल भेटतात. मोटारसायकलसारखा जाड तो श्रेडर, टोकावरची बारीक चकती सोडवावी लागते तो प्रेस्टा, आणि काळ्या सायकलींचा, आत रबरी वॉलट्यूब असलेला जुना. खेड्यातल्या टायरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याची नळी श्रेडरची. तुमचा वॉल प्रेस्टा असेल तर तो हात वर करणार. अगदी स्वस्तात मिळणारी पितळी टोपी वॉलवर फिरवली की काम होते. ती पंपाला दोऱ्याने बांधून ठेवलेली बरी, खिशातून ती नक्की हरवते.

कार्बन डायऑक्साइडची नळकांडी वापरणारे म्हणतात, एवढी कटकट कशाला? १६ ग्रॅमच्या नळकांडीत आमच्या टायरला जेमतेम एकदा पुरेल एवढा वायू असतो. क्षणात चाक उभे. पण काटा टायरमध्येच राहिला असेल तर तोही क्षणात कळतो, आणि दुसरी नळकांडी नसेल तर चालत घरी. शिवाय हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी चाक नरम लागते. शर्यतीत ठीक. आता मुठीएवढे चार्जिंगचे पंपही आले आहेत. ते चांगले आहेत, मी नाकारत नाही, पण घरातल्या प्रत्येक वस्तूचे चार्जिंग कोण आणि कधी विसरते याचा अनुभव सगळ्यांनाच आहे. ट्यूबलेस टायरवाल्यांनाही पंप आणि एक ट्यूब लागतेच. त्यांच्या आतला द्रव मराठवाड्याच्या उन्हात लवकर सुकतो, आणि रिमवरून सुटलेले टायर छोट्या पंपाने सहसा परत बसत नाही.

पंप तोच घेतला, जाड नळकांड्याचा. सायकलला तो पाण्याच्या बाटलीशेजारी लावायची पट्टी सोबत येते. आम्ही ती वापरत नाही. मुरमाची धूळ दट्ट्यात शिरते, दगडांवर पट्टी खडखडते. जुन्या मोज्यात घालून तो पाठीवरच्या पिशवीत जातो. त्याच पिशवीत एक ट्यूब, पॅच, सोल्युशन, दोन लिव्हर आणि पॉलिश पेपरचा तुकडा. पोरीने दादांकडून पंक्चर काढायला शिकायला तीन संध्याकाळी घेतल्या. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी घमेले मागवले, ट्यूब पाण्यात धरली आणि बुडबुडा येतोय का ते बराच वेळ पाहिले.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तिघी मैत्रिणी जटवाड्याकडे गेल्या. साडेनऊला यायच्या त्या साडेदहाला आल्या. मधला तासभर घरात कुणी फोन लावला नाही, कारण तिच्या अम्मीनेच लावायचा नाही असे सांगितले होते, आणि स्वतः तीनदा दारापर्यंत जाऊन आली. पोरीचे दोन्ही हात काळे. मैत्रिणीचे पुढचे चाक बसले होते. ट्यूब बदलत बसण्याऐवजी हिने पॅच लावला, कारण तिला ते करून पाहायचे होते. १६० दट्टे लागले, अर्धे मैत्रिणीने मारले.

अब्बांनी विचारले, काटा टायरमधून काढला का? तिने खिशातून तो काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला, “सराटा,” म्हणाले, आणि सायकल कुणाची होती, पॅच बघायला ती इकडे कधी आणणार, असे विचारू लागले.