शरीरसंपदा आणि करारनामा

व्यायामशाळेत शिरणे सोपे असते. दारातच एक हसतमुख मुलगी उभी असते. ती आपले वजन करते, आकडा पाहून चेहरा पाडते, आणि वार्षिक वर्गणीवरची सवलत फक्त आजच्यापुरती असल्याचे सांगून पुन्हा हसते. बाहेर पडण्याच्या दारात मात्र कोणी उभे नसते. ते दार कोठे आहे, हेच मुळी शोधावे लागते.

आमच्या लहानपणी ही भानगड नव्हती. वाईच्या तालमीत हौदातली तांबडी माती, कोनाड्यात मारुती आणि भिंतीला टेकवलेल्या जोड्या, एवढाच सरंजाम. वस्तादांपुढे नारळ ठेवला की प्रवेश झाला. चार दिवस दांडी मारली तर वस्ताद रस्त्यात कान धरीत. पण त्यांनी कुणाचे पैसे धरून ठेवल्याचे ऐकिवात नाही. अर्थात त्या तालमीला जागेचे भाडे नव्हते आणि गार हवेचे यंत्रही नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

पुण्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी एका जिममध्ये बारा महिन्यांचे १८,००० रुपये भरले आणि चार महिने नेमाने गेलो. (हे 'नेमाने' आमच्या सौभाग्यवतींनाही मान्य आहे.) पाचव्या महिन्याच्या तोंडावर वाईला आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट पार पडली. पण ऐंशी उलटलेल्या बाईला पुन्हा चालते करायचे म्हणजे सहा महिन्यांची निश्चिंती. मी बाडबिस्तरा वाईला हलवला. दिवसा आईजवळ बसायला एक बाई ठेवल्या. त्यांचा पगार ठरवताना मला जिममध्ये पडून असलेले आठ महिने आठवले. आठ महिने म्हणजे १२,००० रुपये.

व्यवस्थापक तिशीच्या आतला, बोलायला गोड. "काका, फी परत मिळत नाही. तुम्ही सही केलीय ना!" सभासदत्व महिनाभर गोठवण्याची सोय होती. "महिन्याभरात आजी पळायला लागतील!" मी जागचा हललो नाही, तेव्हा त्याने कॅल्क्युलेटर पुढे ओढला. वार्षिक हिशेबाने महिना १,५०० रुपये पडतो खरा. पण मध्येच सोडणाऱ्याला सुटा दर लागू, तो ३,०००. म्हणजे चार महिन्यांत मी १२,००० रुपये वापरले. उरले ६,०००. त्यातून कार्यालयीन खर्च १,५००. "हातात साडेचार हजार. आणि तेही काका, तुमच्यासाठी म्हणून!"

खरे तर मला त्या धंद्याचे कौतुकच वाटले. सगळे सभासद रोज येऊ लागले, तर त्या खोलीत उभे राहायला जागा उरणार नाही. न येणाऱ्यांच्या वर्गणीवर येणाऱ्यांचा घाम निघतो. स्टेफानो देलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमांच्या हजेरीचा हिशेब मांडून २००६ साली निबंध छापला. महिन्याला ७० डॉलरच्या वर भरणारी मंडळी महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत. एका खेपेला १७ डॉलरच्या वर पडत. तिथेच दहा खेपांचा पास घेतला तर खेपेला १० डॉलर! आणि शेवटची हजेरी लावल्यावर नाव काढून टाकायला दोन महिन्यांहून अधिक काळ लावीत. आळस हा काही आमचाच राष्ट्रीय गुण नव्हे.

आपला करार कायदा १८७२ चा. त्याचे कलम ७४ म्हणते की, करार मोडणाऱ्याकडून घ्यायची भरपाई वाजवीच असावी. करारातला आकडा ही तिची कमाल मर्यादा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर नुकसानीच्या मानाने भलताच दंड लावणाऱ्या कराराला 'अनुचित करार' असे नावच देऊन ठेवले आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार ग्राहक आयोगाकडे न्यायची तर शुल्कही नाही.

मी रुग्णालयाचे कागद जोडून पत्र लिहिले. सूचनेदाखल एका महिन्याचे १,५०० तुम्ही ठेवा (भाडे त्यांनाही चुकलेले नाही), बाकीचे १०,५०० परत करा. पंधरा दिवस उत्तर नाही. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली.

मध्यंतरी तिथल्या प्रशिक्षक मुलाचा फोन आला. सोलापूरकडचा पोरगा, सभासद गळाला की त्याच्या कमिशनला कात्री लागते, हे मला ठाऊक होते. त्यामुळे मी जरा सावरूनच बोललो. पण त्याने पैशांचा विषयच काढला नाही. "आजी चालतात का?" एवढे विचारले आणि म्हणाला, "घाई करू नका काका, फिजिओथेरपिस्ट सांगतील तेवढंच." या पोराचे कमिशन बुडवून मी जिंकणार होतो, ही गोष्ट मला अजूनही टोचते. करारनाम्यात त्याच्यासाठी एकही कलम नव्हते.

आठवड्याभरात व्यवस्थापकांचा स्वर उतरला आणि १०,५०० रुपये खात्यात जमा झाले. बाईंचा पगार १२,०००. वरचे दीड हजार मी घातले. आईला हिशेब वाचून दाखवला.

"म्हणजे साडेसात हजार गेलेच की! वजन किती उतरलं रे?"

"दीड किलो."

आईने मनाशी भागाकार केला. "किलोला पाच हजार," ती म्हणाली, "काजूसुद्धा एवढे महाग नाहीत." आणि वॉकर दाराच्या दिशेने सरकवला.