विक्रोळीच्या अलीकडे

मला लोकलची भीती वाटते म्हटलं की ऐकणाऱ्याला गर्दी आठवते. गर्दीचं मला काही वाटत नाही. जन्म मुलुंडमध्ये गेला, गर्दीला घाबरून चालणार कसं? माझी भीती न थांबणाऱ्या गाडीची. फास्ट लोकलने मुलुंड सोडलं की नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी ही चार स्टेशनं नुसती खिडकीतून पळतात आणि उतरायला मिळतं ते एकदम घाटकोपरला. जेमतेम पंधरा मिनिटं. तेवढ्यात मला काही झालं तर? माझा विचार या ‘तर’च्या पुढे कधी गेला नाही, पण माझं ऑफिस, नातेवाईक आणि निम्मी मुंबई त्याने गिळली.

पहिल्यांदा झालं तेव्हा सिग्नल नव्हता म्हणून गाडी विक्रोळीच्या अलीकडे उभी होती. बायका नेहमीसारख्या मोबाइल बघत होत्या, एकीने मेथीची जुडी सोडून निवडायला घेतली होती. माझ्या छातीत एकाएकी धडधडायला लागलं, बोटांना मुंग्या आल्या, घसा आवळला आणि आता आपण इथेच जाणार याची पक्की खात्री पटली. घाटकोपरला उतरून रिक्षाने थेट दवाखाना. ईसीजी नॉर्मल, टू-डी एको नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. घरी सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. दोन्ही उपायांचा गुण सारखाच आला. सासूबाईंचा स्वस्त पडला, एवढंच.

टाळाटाळ फार शहाण्यासारखी बोलत बोलत घरात शिरते. आधी मी फास्ट सोडून स्लो धरली; वेळ जातो पण बसायला मिळतं, असं सगळ्यांना सांगत सुटले. मग स्लोमध्येही दाराजवळचीच जागा. मग ऑफिसात ‘घरून काम चालेल का’ अशी विचारणा. भाचीचं लग्न गिरगावात होतं, तेव्हा मला नेमका ताप आला. सिनेमाला कडेची खुर्ची, पार्लरमध्ये केस धुवायला मान मागे टाकायची नाही, सत्यनारायणाला बसायचं ते दारापाशी. दर वेळी टाळलं की कसं हायसं वाटायचं. ते हायसं वाटणंच मला पुढच्या खेपेला आणखी आत ढकलत होतं, हे कळायला मात्र फी भरावी लागली.

फी घेणाऱ्या मॅडमपर्यंत पोचले तीही आडवळणाने. एका रात्री धडधडून जाग आली तेव्हा टेली-मानसचा १४४१६ नंबर फिरवला. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली ही मोफत सेवा आहे आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं. हे पॅनिक अटॅकसारखं वाटतंय, याच्यावर उपचार असतात, कुणाला तरी प्रत्यक्ष भेटा, असं ती म्हणाली. म्हणून ठाण्यातल्या एका सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे गेले. मनात धरून चालले होते की गोळ्या सुचवतील, नाहीतर श्वासाची एखादी युक्ती शिकवतील. त्यांनी दोनशे पानी वही आणायला सांगितली.

पहिला गृहपाठ: आपल्याला काही होऊ नये म्हणून तुम्ही काय काय करता ते लिहा. मी म्हटलं, काहीच नाही. लिहायला बसले तर पान भरलं. पाण्याची बाटली. पर्समध्ये कापराची पुडी. आंबट गोळ्या. ‘असू दे’ म्हणून ठेवलेली, कधीही न घेतलेली एक झोपेची अर्धी गोळी. मोबाइलवर नवऱ्याचा नंबर उघडून ठेवायचा. मनगटाची नाडी दर स्टेशनला बघायची. मॅडमनी यादी वाचली आणि म्हणाल्या, हे सगळं एकेक करून सोडायचंय.

“पाण्याची बाटलीसुद्धा?”

“तीसुद्धा.”

“आणि तहान लागली तर?”

“घाटकोपरला प्या.”

त्यांचं म्हणणं असं, की मी दर वेळी सुखरूप उतरते आणि श्रेय बाटलीला देते. मेंदूला कधी कळतच नाही की बाटली नसती तरी उतरलेच असते. हे डोक्यात शिरलं, पण बाटली पर्समधून काढताना हात अडखळला तो अडखळलाच.

पुढच्या भेटीत तर मी बुचकळ्यातच पडले. मॅडमनी ज्यूसवाल्याकडे असते तशी बारीक नळी हातात दिली, नाक चिमटीत धरायला लावलं आणि मिनिटभर नळीतून श्वास घ्यायला सांगितला. मग चाकाच्या खुर्चीत बसवून गरगर फिरवलं. मग जागच्या जागी धावा म्हणाल्या. मी पंजाबी ड्रेसची ओढणी खांद्यावर टाकून चाळिशीत, एका अनोळखी बाईच्या केबिनमध्ये जागच्या जागी धावत होते आणि मनात म्हणत होते, यासाठी मी हाफ डे टाकला? पण धडधड तीच, मुंग्या त्याच, गरगरणंही तेच. फक्त या वेळी ते माझ्या हाताने आणलेलं. मॅडमनी समजावलं: जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. चक्कर येऊन पडायला रक्तदाब घसरावा लागतो. घाबरल्यावर तो बहुधा चढतो. ही ‘बहुधा’ची फट मला लगेच दिसली, अशा फटी शोधण्यात मी तरबेज झालेली. रक्त किंवा इंजेक्शन बघून भोवळ येणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांचा दाब खरंच उतरतो, असं त्यांनी न विचारता सांगून टाकलं. तुमची तक्रार ती नाही.

मग आली शिडी. वहीत सगळ्यात खाली ‘मुलुंड स्टेशनच्या पुलावर उभं राहून फास्ट गाड्या बघणे’, त्यापुढे भीतीचे मार्क शंभरपैकी वीस. वर ‘दुपारी स्लोने मुलुंड ते नाहूर’, पस्तीस. ‘स्लोने घाटकोपर, दारापासून लांब बसून’, पंचावन्न. ‘फास्टने घाटकोपर’, पंचाऐंशी. सगळ्यात वर ‘एसी लोकल’, शंभर, कारण तिची दारं आपोआप बंद होतात आणि स्टेशन आल्याशिवाय उघडत नाहीत. लोक ज्या गाडीच्या गारव्यासाठी जास्तीचे पैसे मोजतात, ती माझ्या शिडीचं टोक!

मी म्हटलं, पुलावर उभं राहून गाड्या बघायच्या हे बालवाडीतल्यासारखं वाटतं. मॅडम हसल्या. ही पद्धत आलीच लहान मुलांकडून, म्हणाल्या. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. तो सशाला घाबरायचा. तो आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. शेवटी ससा पीटरची बोटं हळूच कुरतडू लागला तरी पोरगा खुशाल. पुढे जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकेतल्या मनोविकारतज्ज्ञाने १९५८ च्या पुस्तकात मोठ्यांसाठी शिडीची रीत मांडली. भीतीला शंभरातले मार्क देणंही त्याचंच. तो आधी पेशंटला अंग सैल सोडायला शिकवायचा आणि मगच पायरी चढवायचा.

इथे मी त्यांना पकडलं. मग मला का नाही शिकवत अंग सैल सोडायला? त्या म्हणाल्या, आता आम्ही तुम्ही शांत व्हावं म्हणून पाठवत नाही, तुमचं भाकीत खोटं ठरावं म्हणून पाठवतो. कॅलिफोर्नियातल्या मिशेल क्रॅस्के वगैरे मंडळींनी गेल्या काही वर्षांत यावर बराच जोर दिला आहे. म्हणून चढण्याआधी वहीत लिहायचं, काय होईल असं वाटतं. उतरल्यावर लिहायचं, काय झालं. माझं पहिलं भाकीत होतं, ‘बेशुद्ध पडेन’, आणि त्याखाली प्रत्यक्षात झालेलं: ‘नाहूरला उतरले, वडापाव खाल्ला’.

सजगतेचा धडा याच काळातला आणि सगळ्यात अवघड. रोज दहा मिनिटं बसायचं, श्वास जसा येतो-जातो तसा बघायचा, अंगात जिथे जे जाणवतं ते तिथेच जाणवू द्यायचं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वैद्यकीय महाविद्यालयात दुखण्यांनी गांजलेल्यांसाठी असे वर्ग सुरू केले, त्याचं मूळ बौद्ध साधनेत. इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आलेली माझी नणंद हे ऐकून म्हणाली, “मी एवढी वर्षं तेच सांगतेय, तेव्हा ऐकलं नाहीस.” खरं आहे. पण तिने सांगितलं होतं की मन शांत होतं, आणि माझी गोची तीच होती. मी बसायचे शांत होण्यासाठी, दर अर्ध्या मिनिटाने शांत झाले का बघायचे, आणि न झाल्याने आणखी घाबरायचे.

स्लोने घाटकोपरला गेले तेव्हा मी डोळे गच्च मिटून मुलुंडपासून श्वास मोजत बसले. भीती वाटली नाही. मोठ्या अभिमानाने सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही गाडीत होतात कुठे?” मोजणं हीसुद्धा नवी पाण्याची बाटलीच झाली होती. मला त्यांचा मनापासून राग आला. ज्या बाईने श्वास शिकवला तीच आता श्वास काढून घेत होती.

फास्टचा दिवस आला तेव्हा दुपारची वेळ धरली. लेडीज डब्यात आत, खिडकीपासून तिसरी जागा. बाटली घरी. डोळे उघडे. मुलुंड सुटलं, नाहूर गेलं आणि घसा आवळायला लागला. मी मनात बोलत राहिले: घसा आवळलाय. डाव्या हाताच्या करंगळीला मुंग्या. हा विचार आला, आता पडणार. समोरच्या बाईच्या गजऱ्याचा वास येतोय. घसा अजून आवळलेलाच आहे. क्लिपा विकणारी मुलगी आली, तिच्या पुठ्ठ्यावर मोत्यांच्या क्लिपा वर आणि प्लॅस्टिकच्या खाली. आणि कांजूरमार्ग मागे टाकून, विक्रोळीच्या अलीकडे, गाडी थांबली. पंचाऐंशीचे पंचाण्णव झाले. उठून दाराकडे जावं असं पायांना फार वाटत होतं. पायांना वाटतंय, हेही बघितलं. भीती उतरली म्हणावं तर तसं काही झालं नाही. ती वर गेली, थोडी खाली आली, पुन्हा वर गेली, तिची तिची ये-जा चालू राहिली. मधेच शेजारच्या काकूंनी विचारलं, “कुठे उतरणार?”

“घाटकोपर.”

“मग अशा बसून काय राहिल्यात? उठा, लाइनीत लागा, नाहीतर दादरला जाल.”

मी उठले आणि लाइनीत लागले. उतरल्यावर वहीत भाकितासमोर काय लिहावं ते क्षणभर सुचेना, शेवटी लिहिलं, ‘काकू रागावल्या’.

नंतर पावसाळ्यात घरात आजारपण निघालं, बरेच दिवस गाडीत चढणं झालं नाही, आणि परत चढले तर घसा पहिल्या दिवसासारखा. सगळं वाया गेलं म्हणून रडले. मॅडमना नवल वाटलं नाही. पावलॉव्हच्या कुत्र्यांचं तेच व्हायचं: घंटेनंतर खाणं देणं थांबवलं की लाळ थांबायची, पण काही काळ मध्ये गेला की घंटेसरशी पुन्हा सुटायची. क्लेअर वीक्स या ऑस्ट्रेलियन डॉक्टरीणबाईंचं १९६२ सालचं एक पुस्तक त्यांनी वाचायला दिलं. पहिली भीती अंगात आपोआप उसळते, दुसरी आपण तिच्यावर चढवतो, असं त्या बाई म्हणतात. पहिली धडधड माझ्या हातात नाही. ‘अरे देवा, पुन्हा सुरू झालं’ हे मात्र माझं. बौद्धांच्या सल्ल सुत्तातही दोन बाणांची अशीच गोष्ट आहे. हे नणंदेला अजून सांगितलेलं नाही. पुन्हा तेच ऐकावं लागेल.

आता दादरपर्यंत फास्टने जाते. विक्रोळीच्या आसपास घसा अजून आवळतो, कधी जास्त, कधी नुसता हजेरी लावून जातो. कापराची पुडी देवघरात परत गेली. अर्धी गोळी मी फेकली की नवऱ्याने, यावर एकमत नाही. आणि मागच्या आठवड्यात मी एसी लोकलने घाटकोपरला गेले. दारं सरकून बंद झाली तेव्हा पोटात खड्डा पडला, घाम फुटला, आणि त्या गारव्यात घाम फुटलेली मी एकटीच दिसत होते. शेजारची मुलगी कानात तारा घालून झोपली होती. सध्या घरात वाद चालू आहे तो पासावरून. मी म्हणते एसीचा काढू, सराव होईल. नवरा म्हणतो, साध्या पासाच्या कितीतरी पट पैसे पडतात, सराव तिकीट काढून कर.