अर्धी माळ

मैत्रिणींनो, दिल्लीला जाऊन आलेल्या बाईला पहिला प्रश्न काय विचारतात, ठाऊक आहे ना? "काय काय घेतलंत?" मलाही शेजारणींनी हेच विचारले. मी दोन शाली काढून दाखवल्या. दोघीतिघींनी हात लावून पाहिल्या, किंमत विचारली, झाले. पण त्या शालींबरोबर मी दिल्लीहून आणखी एक गोष्ट आणली होती. ती होती मनाची रुखरुख. ती कोणाला दाखवायची? आज तुमच्यापुढे मांडते.

२०१८ची दिवाळी उरकून आम्ही मुलाकडे दिल्लीला गेलो होतो. लाल किल्ला झाला, कुतुबमिनार झाला. एके दिवशी मुलगा म्हणाला, "आई, आज राष्ट्रीय संग्रहालय बघू या." खरं सांगू का, माझ्या कपाळाला आठीच पडली. संग्रहालय म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे येतात त्या हातपाय तुटलेल्या मूर्ती, गंजलेल्या तलवारी आणि संध्याकाळी दुखणाऱ्या माझ्या पोटऱ्या! पण आमच्या ह्यांना तलवारी-भाल्यांचे भारी वेड. निघालो.

जनपथावरची ती तीन मजली इमारत आतून पाहिली आणि मला एकदम माहेरचा वाडा आठवला. मधोमध मोकळा चौक आणि चहूबाजूंनी दालने. फरक एवढाच, की आमचा वाडा चौकोनी होता आणि हा चक्क गोल! कुठूनही निघा, फिरत फिरत परत तिथेच. चुकायची भीती नाही. मी मुलाला तसे म्हटले, तर तो म्हणाला, "अगं, ही इमारत आपल्याच माणसाने आखली आहे. गणेश भिकाजी देवळालीकर. सुप्रीम कोर्टाची इमारतही त्यांचीच." केंद्रीय बांधकाम खात्याचे ते पहिले भारतीय प्रमुख. पंडित नेहरूंनी १२ मे १९५५ रोजी ह्या इमारतीची कोनशिला बसवली आणि १८ डिसेंबर १९६० रोजी डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. देवळालीकर हे नाव ऐकले आणि माझी आठी निम्मी तरी मावळली, हे कबूल करते!

संग्रहालयाच्या जन्माची कथाही मोठी घरगुती आहे, बरं का. १९४७-४८च्या हिवाळ्यात लंडनला भारतीय कलेचे एक मोठे प्रदर्शन भरले होते. त्यासाठी आपल्या देशातल्या ठिकठिकाणच्या संग्रहालयांतून निवडक वस्तू धाडल्या होत्या. त्या परत आल्यावर ज्याच्या त्याला पोचत्या करण्याआधी दिल्लीकरांनाही दाखवाव्यात, म्हणून आज ज्याला आपण राष्ट्रपती भवन म्हणतो तिथे मांडल्या. लोकांना त्या इतक्या आवडल्या, की ह्यातूनच कायमचे संग्रहालय करावे असे ठरले. १५ ऑगस्ट १९४९ रोजी ते तिथेच सुरू झाले. म्हणजे पाहुण्या म्हणून आलेल्या वस्तू घरच्याच होऊन राहिल्या म्हणायच्या!

हे शस्त्रांच्या दालनाकडे वळले ते वळलेच. मी आणि मुलगा तळमजल्यावर हडप्पा संस्कृतीच्या वस्तू बघत राहिलो. चारसाडेचार हजार वर्षांपूर्वीचा संसार तो! मातीची मडकी, पोरांच्या खेळण्यातल्या बैलगाड्या, दगडाची वजने. आणि ती शाळेच्या पुस्तकात पाहिलेली नर्तकी. मला वाटले होते, चांगली पुरुषभर उंच असेल. प्रत्यक्षात साडेदहा सेंटिमीटरची! आपली वीतसुद्धा तिच्याहून मोठी. १९२६ साली मोहेंजोदडोला सापडलेली ही ब्राँझची पोर. डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला, उजवा कमरेवर. तिला नर्तकी कोणी म्हटले कोण जाणे! मला तर ती सगळी कामे उरकून, कमरेवर हात ठेवून "आता आणखी काय राहिलंय?" असे विचारणारी आपल्यातलीच एक वाटली.

मग आम्ही दागिन्यांच्या कपाटापाशी आलो. तुम्हीही तिथेच रेंगाळला असता, नाही म्हणू नका! तिथे मोहेंजोदडोची एक माळ होती. हिरवट दगडाचे मणी, मधूनमधून सोन्याच्या चपट्या चकत्या आणि खाली सोन्याच्या तारेने लोंबणारे अकीकाचे लोलक. विजेवर चालणारे एकही हत्यार नसताना त्या कारागिरांनी असल्या कठीण दगडांना आरपार भोके पाडली आहेत. तांबड्या अकीकाचा एक लांब मणी विंधायला त्यांना कित्येक दिवस लागत असत. गुजरातेत खंबायतला हे अकीकाचे काम आजही चालते. मी काचेला नाक लावून बघत होते. आता असे कोण घडवतो, असे मनात म्हणत होते.

शेजारी एक मार्गदर्शक बाई काही मुलांना हिंदीतून माहिती सांगत होत्या. त्या म्हणाल्या, "मुलांनो, ही माळ अर्धीच आहे. बाकीची अर्धी पाकिस्तानात आहे."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिले. त्या सांगत होत्या, की फाळणीत मोहेंजोदडो गाव पाकिस्तानात गेले, पण तिथल्या पुष्कळ वस्तू दिल्लीत होत्या. मग त्यांची वाटणी निघाली. अगदी निम्मी-निम्मी! ही नर्तकी आपल्याकडे राहिली आणि दाढीवाला 'पुरोहित-राजा' आता कराचीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पण माळ एकच होती. तेव्हा ती ओवणीतून सोडवली आणि तिचे मणी मोजून दोघांना दिले. अकीकाच्या लांब मण्यांचा एक कमरपट्टा होता, त्याचेही तसेच केले. जमिनीखाली चार हजार वर्षे काढलेले दागिने, वर आल्यावर पंचवीस वर्षांच्या आत तुटले.

मुले पुढे गेली. माझा पाय मात्र तिथून उचलेना. मैत्रिणींनो, तुम्हांला सांगायला संकोच वाटतो, पण सांगते. माझ्या बँकेच्या लॉकरमध्ये अशीच एक अर्धी माळ पडली होती.

आमच्या सासूबाईंची पुतळ्यांची माळ होती, बत्तीस पुतळ्यांची. संक्रांतीला आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्या ती आवर्जून घालायच्या. २००७ साली त्या गेल्या. तीन महिन्यांनी आम्ही दोघी जावा दागिने वाटायला बसलो. पाटल्या झाल्या, तोडे झाले, नथ झाली. शेवटी माळ राहिली. जाऊबाई म्हणाल्या, "ही मोडू नये गं. थोरल्या घरी राहू दे. तुझ्या सुनेच्या अंगावर आधी घालू." त्यातले 'मोडू नये' मला ऐकूच आले नाही. 'थोरल्या घरी' तेवढे ऐकू आले. मी म्हटले, "वाटणी म्हणजे वाटणी."

पटवेकऱ्याने गोंडा सोडवला आणि सोळा-सोळा पुतळ्या मोजून दोन पुड्या बांधल्या. मी माझ्या सोळा ओवून घेतल्या. एकदा घातल्या. ती माळ धड गळ्यालगत बसेना, धड छातीवर रुळेना. काढून ठेवली ती ठेवलीच. आणि दोन घरांत जे बोलणे उरले ते "कसं काय, ठीक ना?" एवढेच. जाऊबाई मिरजेला, मी सांगलीला. मध्ये सिटी बसचा जेमतेम अर्धा तास! त्या मार्गदर्शक बाईंच्या अर्ध्या माळेच्या मध्ये एक सरहद्द होती, तारेचे कुंपण होते. माझ्या माळेच्या मध्ये काय होते? माझेच एक वाक्य.

परत आल्यावर दोन शालींतली एक घेऊन मी मिरज गाठली. जाऊबाईंनी चहा टाकला. मुद्द्याचे बोलणे काही जिभेवर येईना, म्हणून मी त्यांना संग्रहालयाचेच सांगत बसले. गोल वाडा, कमरेवर हात ठेवलेली पोर, आणि मग ती माळ. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, कपाटातून एक जुनी कुंकवाची डबी आणून माझ्यापुढे उघडली. आत कापडात पुतळ्या होत्या. मी मोजल्या. बारा!

"चार गेल्या," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी."

२०१४ साली थोरल्या दिरांचे हृदयाचे ऑपरेशन झाले होते. आम्ही दवाखान्यात गेलो होतो, नाही असे नाही. बिस्किटांचा पुडा घेऊन अर्धा तास बसून आलो होतो. पाहुण्यांसारखे!

"मला सांगितलं का नाहीत?" मी विचारले.

"कसं सांगणार? वाटणी म्हणजे वाटणी, नाही का?"

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटले नव्हते. अगदी सरळ म्हटले होते. म्हणूनच ते मला फार लागले.

त्यांच्या लेकीचे लग्न २०१९च्या वैशाखात होते. माझ्या सोळा आणि त्यांच्या बारा घेऊन आम्ही दोघी एकत्र पटवेकऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "चार नव्या घालून बत्तीस पुऱ्या करू का?" आम्ही दोघीही एकदमच म्हणालो, "नको." अठ्ठावीस पुतळ्यांची माळ घालून पुतणी बोहल्यावर उभी राहिली. पुढे माझी सून आली, तेव्हा तीच माळ सांगलीला आली. सध्या कोणाकडे आहे, विचाराल तर मला आठवून सांगावे लागेल!

आता थोडे कामाचे. घरात वाटणीची वेळ आलीच, तर ओवलेला, जोडीचा किंवा संचाचा दागिना मोडू नका. तो एकीने घ्यावा, दुसरीने तेवढ्याच मोलाचे दुसरे काही घ्यावे. अगदीच जमले नाही, तर दोन घरांत पाळीने वापरावा. संग्रहालयात प्रत्येक वस्तूची नोंद असते, तशी एक वही घरीही ठेवा. दागिना कोणाचा, कधी केला, कोणत्या सणाला घालत, हे सगळे लिहा. शक्य तर सासूबाई आहेत तोवर त्यांनाच विचारून लिहा. आणि दिल्लीला गेलात तर ती माळ पाहून या. सोमवारी मात्र जाऊ नका, संग्रहालय बंद असते.

हे संग्रहालय नॉर्थ ब्लॉक आणि साऊथ ब्लॉक ह्या जुन्या सरकारी इमारतींत हलवायची योजना २०२३ साली जाहीर झाली. बिऱ्हाड हलवणे म्हणजे काय असते, ते आपल्याला कोणी सांगायला नको. दोन लाखांवर वस्तू आहेत तिथे. एकेक कापसात गुंडाळून न्यावी लागेल. ती नर्तकी जाईल, त्या मातीच्या बैलगाड्या जातील, आणि ती माळही नव्या घरी जाईल.

पण ती जाईल ती अर्धीच. तिची दुसरी अर्धी आणायला सिटी बस नाही. तुमची जर अर्ध्या तासावर असेल, तर मैत्रिणींनो, ह्या रविवारीच जाऊन या.