दोन टायर

जोडे घ्यावयाचे म्हणजे निदान पाय आपले असतात. दुकानदार जोडा चढवतो, आपण दोन पावले टाकून पाहतो आणि तो चावतो की नाही हे तत्क्षणी कळते. सायकलच्या टायरचे तसे नाही. तो कसा निघाला हे कळावयाचे ते ऐन वळणावर! त्यातून सायकल दुसऱ्याची असली म्हणजे तर विचारूच नका.

ही सायकल आमच्या मुलीची. २०१३ साली, कॉलेजात असताना, शिकवण्यांच्या पैशांतून तिने ती घेतली. डोंगरी सायकल. दर रविवारी पहाटे स्वारी निघायची ती सिंहगडाकडे, नाही तर बोपदेव घाटात. परतली की टायरच्या गाठींत रुतलेली लाल माती आमच्या जिन्यावर पायरीपायरीने सांडायची, आणि सौ.चा तोंडाचा पट्टा दुपारच्या जेवणापर्यंत चालायचा. २०१९ साली नोकरीसाठी ती बंगळूरला गेली, तिथेच संसार मांडला. सायकल आमच्या गॅलरीत राहिली.

यंदा डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांना सायकल नेमून दिली. घरात एक असताना नवी कशाला, हा विचार आमच्यासारख्यांच्या घरात आपोआपच होतो. मी फडके घेऊन बसलो. टायरच्या गाठी शाबूत होत्या, पण बाजूंना बारीक बारीक चिरा पडल्या होत्या. रबर नुसते टांगून ठेवले तरी म्हातारे होते. ऊन आणि हवेतला ओझोन त्याला स्वस्थ बसू देत नाहीत. घाटात असला टायर फुटला तर काय होईल, ते गुडघ्यांनाही कळले असावे.

पहिल्या दुकानात मी ऐटीत 'सव्वीस इंची' म्हणालो. दुकानदाराने तत्परतेने टायर काढून दिला. मिस्त्रीने तो चाकावर घातला, तर सैल बांगडीसारखा लोंबू लागला! दुकानदार म्हणतो, "सव्वीसच आहे की." खोटे नव्हते. त्यावर छापले होते २६ × १ ३/८, आणि आमच्या टायरवर २६ × २.१०. अपूर्णांकातले सव्वीस आणि दशांशातले सव्वीस हे नुसते नावाचे भाऊ. खरा पत्ता असतो टायरच्या कडेला, बारीक अक्षरांत. आमचा ५४-५५९. पैकी ५४ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि ५५९ हा रिमवर टायर बसतो तिथला व्यास. दुकानदाराचा टायर ५९० चा होता. रुंदी थोडी कमीजास्त चालते, पण व्यासात एका मिलिमीटरचीही तडजोड नाही. पत्रिका जुळवणाऱ्यांनी हा कडकपणा पाहावा.

हा ५५९ आला कोठून, तेही मनोरंजक आहे. १९३३ साली शिकागोच्या श्विन कारखान्याने दोन इंचांहून जाड, फुग्यासारखे टायर सायकलीला लावले. पुढे १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या टॅमलपायस डोंगरावरून काही हौशी तरुण त्याच जुन्या धुडांवर बसून सुसाट खाली येऊ लागले आणि डोंगरी सायकल जन्मली. माप तेच राहिले. आता साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंचांचा जमाना आहे. आमच्या मापाचे चांगले टायर मिळायला चार दुकाने हिंडावी लागली.

चौथ्या दुकानात मात्र मनाजोगा माल होता आणि तिथेच पंचाईत झाली. पूर्वीसारखे गाठींचे घ्यावे की गुळगुळीत? गाठी मातीत रुततात म्हणून तिथे त्या हव्यात. डांबरावर त्या नुसत्या घोंघावतात आणि पायांची ताकद खातात. पावसाळ्यात गुळगुळीत टायर घसरेल ही भीतीही बहुतांशी व्यर्थ. मोटारीच्या रुंद टायरला पाणी कापायला नक्षी लागते. सायकलचा टायर अरुंद आणि गोल, वेग बेताचा, त्यामुळे तो पाणी आपोआप बाजूला सारतो. ओल्या लोखंडी झाकणावर मात्र कोणताच टायर भरवशाचा नाही. एकंदरीत हिशेब गुळगुळीतच्या बाजूचा होता.

घरी येऊन मी तो सांगितला. सौ. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि ती आल्यावर गडावर कशावर जायची?"

जिन्यावरच्या मातीसाठी सहा वर्षे भांडलेली हीच ती बाई! मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री मुलीला फोन केला.

"बाबा, तुम्ही जाणार कुठं ते सांगा आधी," ती म्हणाली.

"मंडई, बँक. फार तर पाषाणचं तळं."

"मग गाठी कशाला हव्यात? मागे गुळगुळीत पावणेदोन इंची घ्या. पुढे मात्र थोडा रुंद आणि कडांना गाठी असलेला. मागचं चाक घसरलं तर माणूस सावरतो, पुढचं घसरलं की पडतोच. आणि हवा दाबून भरू नका, कडेला आकडा असतो त्याच्या आतच ठेवा."

"आणि तू आलीस म्हणजे?"

"टायर बदलायला अर्धा तास लागतो, बाबा."

"कधी येणार ते विचारा," आतून आवाज आला. दिवाळीचं तिकीट मिळालं तर बघते, असे उत्तर मी होते तसे आत पोचते केले. 'तर' हा शब्द तेवढा गाळला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने टायरवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेशी जुळवून दोन्ही टायर बसवले. जुना पुढचा टायर रिमवरून ओढताना गाठींतून वाळलेल्या लाल मातीची ढेकळे फरशीवर पडली. "भंगारात टाकू का?" त्याने विचारले. मी म्हटले, नको, बांधून द्या.