अठ्ठेचाळीस, बावन्न, सत्तावन्न

पुणे

प्रिय गार्गी,



तुझं पत्र मिळालं. पहिल्याच फेरीत हरलीस याचं वाईट वाटलंच. पण क्लबच्या दोघी धाकट्या पदकं घेऊन आल्या आणि तू हात हलवत परतलीस, आता कुठल्या तोंडाने मॅटवर उभी राहू, हे तू लिहिलंस ते मला जास्त लागलं. म्हणून आज तुला ज्युदोपटू मायलिंदा केलमेंदीबद्दल लिहिते. तिचं सुवर्णपदक तुम्हा सगळ्यांना माहीत असतं, बाकीचं कुणी सांगत नाही.

ती कोसोवोतल्या पेया गावची. १९९९ साली युद्ध थांबलं तेव्हा गावाचा मोठा भाग जळालेला होता. त्याच वर्षी, आठ वर्षांची असताना, बहिणीच्या मागोमाग ती ज्युदोला गेली. शिकवायला द्रितोन कुका. हा माणूस युगोस्लाव्हियाचा नावाजलेला ज्युदोपटू, पण देश फुटत असताना १९९२ची बार्सिलोना ऑलिंपिक त्याच्या हातची गेली. महिला ज्युदोला पदकाचा खेळ म्हणून ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा जागा मिळाली तीही त्याच बार्सिलोनात. हे आठवलं की मला दर वेळी कसंतरी होतं. स्वतः जिथे पोचला नाही, तिथे त्याने पुढे आपल्या गावच्या मुली नेल्या.

पण नेणार कुठल्या झेंड्याखाली? कोसोवोला ऑलिंपिक समितीची मान्यताच नव्हती. २०१२ला लंडनमध्ये मायलिंदा अल्बानियाकडून खेळली आणि पदकाविना परतली. २०१३ला रिओमध्ये ती ५२ किलोत जगज्जेती झाली, तीही अंतिम फेरीत ब्राझीलच्याच एरिका मिरांदाला तिच्या घरच्या प्रेक्षकांसमोर हरवून. पुढच्या वर्षी रशियात, चेल्याबिन्स्कला, कोसोवोचं नाव चालणार नव्हतं, म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाच्या झेंड्याखाली उतरली आणि किताब राखला. दुसऱ्या देशांनी पैसे देऊ केले होते, आमच्याकडून खेळ म्हणून. ती गेली नाही.

कोसोवोला नाकारण्यात आपणही फार धुतल्या तांदळासारखे नाही बरं. २०१८ला दिल्लीत महिलांची जागतिक बॉक्सिंग स्पर्धा होती, तेव्हा कोसोवोच्या दोन्येता सादिकुला व्हिसा मिळाला नाही. मुलगी तयारी करून बसलेली आणि खेळायला येता येईना. मला त्याची आजही लाज वाटते.

असो. डिसेंबर २०१४ला कोसोवोला ऑलिंपिक समितीची मान्यता आली. २०१६ला रिओच्या उद्घाटनात कोसोवोचा झेंडा मायलिंदाच्याच हातात होता आणि दोन दिवसांनी इटलीच्या ओदेत्ते जुफ्रिदाला हरवून तिने देशाचं पहिलं ऑलिंपिक पदक मिळवलं. तेही सोनं. निकाल एका युकोवर लागला, तेव्हाच्या नियमांतला सगळ्यांत छोटा गुण. ती लढत पुन्हा बघशील तेव्हा थ्रोकडे बघू नकोस, हातांकडे बघ. बोटांवर टेप गुंडाळलेली, कॉलर पकडायची, समोरचीने झटकायची, परत पकडायची. बाही सुटली की लगेच दुसरा हात आत. टाळ्या थ्रोला पडतात, पण लढत त्याआधी याच ओढाताणीत ठरते. तू तिथेच घाई करतेस, हे मी आधीही सांगितलंय.

आता टोकियो. २४ जुलै २०२१ला, ४८ किलोत, दिस्त्रिया क्रास्निचीने सुवर्ण जिंकलं. २६ तारखेला ५७ किलोत नोरा जाकोवाने. दोघी त्याच कुकांच्या शिष्या, त्याच पेयातल्या क्लबच्या. आणि मधल्या दिवशी, २५ला, गतविजेती मायलिंदा पहिल्याच लढतीत हंगेरीच्या रेका पुपकडून हरली. एका बाजूला एक सोनं, दुसऱ्या बाजूला दुसरं, मध्ये तिचा पराभव.

पण गार्गी, वजनगट बघ. ४८, ५२, ५७. एक तिच्या खालचा, एक वरचा. सरावात जोडी लावायची तर सर कुणाशी लावतील? वर्षानुवर्षं या मुली एकमेकींच्या गचांड्या धरून वाढल्या. जगज्जेतीची पकड कशी लागते हे दिस्त्रिया नि नोराला व्हिडिओत बघावं लागलं नाही, रोज स्वतःच्या गळ्याशी अनुभवायला मिळालं. ती दोन पदकं मायलिंदाच्या हिशेबात कुणी धरत नाही. मी धरते. कुस्तीत काय किंवा ज्युदोत काय, तालमीत जोड चांगला नसेल तर नुसत्या गुरूने पैलवान होत नाही.

२०२१लाच मायलिंदा निवृत्त झाली आणि राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकांत गेली. २०२४ला पॅरिसमध्ये कोसोवोला ज्युदोत पुन्हा दोन पदकं मिळाली, दिस्त्रियाला रौप्य, लॉरा फाझलिऊला कांस्य. दिस्त्रिया यावेळी ५२ किलोत खेळली, मायलिंदाच्या गटात.

तर सोमवारी क्लबला जा. ती ४८ किलोतली धाकटी तुझ्याबरोबरच उचीकोमीचा सराव करते ना? तिला विचार, तुझी डावी पकड तिला केव्हा सुटते असं वाटतं. तिच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगणार नाही. काय म्हणाली ते मला कळव, आणि करंगळी अजून सुजलेली असेल तर आधी एक्स-रे काढून घे.

तुझी,
आत्या